माशाचं कुंकू

दांडीच्या साखरबाईनं जन्मात एकच गोष्ट मिरवली, ती म्हणजे माशाचं कुंकू. रावस असो की घोळ, गिऱ्हाईक पाटीसमोर उकिडवं बसलं की ती अंगठ्यानं कल्ला उघडायची, आतला भडक तांबडा रंग दाखवायची आणि म्हणायची, "बघा. कुंकू हाय तवर मासा सवाशीण."

तिचं स्वतःचं कपाळ बावीस वर्षांमागं मोकळं झालं होतं. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही. तेव्हा लेक मंदा पाळण्यात होती. बोईसर स्टेशनाबाहेरची हातभर जागा आणि कल्ला बघून डोळे मिटून मासा नेणारी गिऱ्हाइकं, एवढीच बाईची कमाई. येत्या शिमग्याला ती जागा मंदाच्या हवाली करायची आणि आपण घरी बसायचं, असं तिनं ठरवलं होतं.

सासष्ट साली तारापूरकडं मोठं बांधकाम निघालं आणि बोईसर परमुलखातल्या माणसांनी भरलं. ती माणसं दिवेलागणीला कामावरून सुटत, म्हणून दुपारचा बाजार हळूहळू संध्याकाळवर सरकला. दिवाळीनंतर साखरबाईच्या अगदी डोक्यावरच्या खांबावर नवा दिवा लागला. कंदिलासारखा पिवळा नव्हे. निळसर, गार, पांढरा. त्याच्याखाली पडलेली सुई दिसे. बाजार खूश झाला.

पहिल्याच संध्याकाळी एक कामगार पाटीशी बसला. बाईनं ऐटीत कल्ला उघडला.

"मौसी, ये तो काला पड़ गया," तो म्हणाला आणि उठला.

साखरबाईनं वाकून पाहिलं. कल्ला खरंच काळपट होता, करपलेल्या भाकरीसारखा. तिनं मासा हुंगला, तर समुद्राचा वास. बोटानं दाबला, तर मांस टणक. नाक म्हणे ताजा, बोट म्हणे ताजा, आणि डोळा म्हणे सडला. तीस वर्षं तिनं लोकांना डोळ्यावरच विश्वास ठेवायला शिकवलं होतं. आता लोक तेच करत होते.

तीन संध्याकाळी पाटी भरलेली परत गेली. घरी चिमणीच्या उजेडात कल्ला उघडला की तोच मासा पुन्हा लालबुंद. बाई घाबरली. मंदानं मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्या ठसकल्या, पण बाजारात कुंकू काळं ते काळंच.

चौथ्या दिवशी नरहरी मास्तर आले. शाळेत शिकवणारे, दर बुधवारचं जुनं गिऱ्हाईक. बाईनं सगळं सांगितलं. मास्तरांनी वर दिव्याकडं पाहिलं, विडा गालात सारला आणि जीभ बाहेर काढली. विड्यानं रंगलेली जीभ काळी ठिक्कर दिसली.

"मंग तुमी बी शिळे झाले, मास्तर," बाई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

"ह्या दिव्याखाली सगळेच शिळे," मास्तर म्हणाले. "हे बघ, उन्हात सगळे रंग असतात. मासा बाकीचे गिळतो आणि तांबडा तेवढा परत देतो. तो आपल्या डोळ्यात येतो, म्हणून आपण म्हणतो, मासा तांबडा. ह्या दिव्यात पाऱ्याची वाफ जळते. तिच्या उजेडात तांबडा नावालासुद्धा नाही. खाडीत मासाच नसेल तर तुझं जाळं काय आणणार?"

बाईनं उघडा कल्ला अंगठ्यानं मिटला. मग म्हणाली, "म्हंजे कुंकू माशाचं नवतं. उन्हाचं व्हतं."

"दोघांचं," मास्तर म्हणाले. "तू कंदील आण. त्याच्या उजेडात तांबडा आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं कंदील आणला. कल्ल्याला काच टेकवली की तांबडा रंग उमले. पण लोक बघत ते भलतंच. "एवढा लख्ख दिवा असताना कंदील कशाला?" एक बाई म्हणाली. "रंग लावला असंल." आणि ती पुढं गेली.

शेजारी मैनाबाई बोंबील विकायची. तिची पाटी रोज रिकामी होई. "साखरे, दिव्याखाली दिवा लावलास तर लोक चोर म्हणणारच," ती म्हणाली. "बोंबील वीक. त्याचं कुंकू कुणी बघत नाय."

"मी बिनकुंकवाचा मासा विकत नाय," साखरबाई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, तरी तिला खोटं बोलल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात मंदा बाजारात आली. तिचा नवरा धर्माजी दोन दिवसांपूर्वी होडी घेऊन गेला होता. "आये, जागा दाखव, गिऱ्हाईक दाखव," म्हणत ती खांबाच्या उजेडात येऊन उभी राहिली आणि साखरबाईच्या हातातला मासा निसटला.

मंदाच्या कपाळावर काळं कुंकू होतं.

मास्तरांचं बोलणं बाईला शब्दन् शब्द आठवत होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं. तिनं कंदील उचलला आणि कल्ल्याला धरावा तसा लेकीच्या कपाळाशी धरला. तांबडं झालं. हात थोडा मागं घेतला. काळं झालं. पुन्हा जवळ धरला.

"आये, चटका बसतोय," मंदा म्हणाली.

"चल घरी."

"पाटी भरलेली हाय."

"ऱ्हाऊ दे. तू हितं कदी बसायची नाय."

खांबाचा उजेड मागं पडेपर्यंत तिनं कंदील लेकीच्या तोंडासमोरून हलवला नाही. येणारेजाणारे वळून बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी धर्माजी सुखरूप परतला. तोवर त्या हातभर जागेवर मैनाबाईच्या बोंबलांनी पाय पसरले होते. साखरबाई भांडायला गेली नाही. ती बांधकामावर खडी वाहायला लागली, दिवसाच्या पाळीत. मास्तर एकदा वाटेत भेटले, रावसाबद्दल विचारू लागले. तिनं डोक्यावरचं घमेलं खाली घेतलं नाही.

"खडी घ्या, मास्तर," ती म्हणाली. "कुठल्या बी दिव्यात नेऊन बघा. हाय तशीच दिसते."