नाना आणि तळघराची भिंत

जळगाव-धुळ्याच्या सबंध पट्ट्यात भिंतींशी एवढा घरोबा केलेला दुसरा माणूस सापडणार नाही. माझे थोरले साडू, सगळ्यांचे नाना, धुळ्याचे आणि धंद्याने स्ट्रक्चरल इंजिनिअर. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटांनी टकटक आणि मग यजमानांना नमस्कार. पंगतीत वाढपी भरीत घेऊन ताटकळतो आणि यांची मान वर, स्लॅबच्या ओल्या डागाकडे. माझ्या मुलीसाठी वरणगावचं स्थळ पाहायला त्यांना मुद्दाम नेलं होतं. परतताना बायकोने मोठ्या आशेने मत विचारलं, तर म्हणाले, गॅलरी फारच बाहेर काढलीय, सळई कुठे टाकली असेल देव जाणे. मुलगा बरा वाटला. त्या शेवटच्या तीन शब्दांवर आम्ही लग्न ठरवलं.

तेव्हा जळगावात माझ्या घराचं काम चालू होतं. खाली माझ्या दुकानातले पाइप ठेवायला तळघर, डिझाइन अर्थातच नानांचं. भिंती उभ्या राहिल्या आणि सेंटरिंगवाले लग्नसराईला गावी निघून गेले. स्लॅब राहिला, भिंतीभोवतीचा पुरुषभर खोल चरही उघडाच राहिला. वर स्लॅब झाल्याशिवाय चरात घमेलंभरही माती टाकायची नाही, असं नानांनी बजावलं होतं. पण मला हळदीचा मांडव तिथेच, पुढच्या अंगणात घालायचा होता. एवढी जाड भिंत, तिला काय होतंय, असं म्हणून मी चर बुजवायला गुपचूप जेसीबी बोलावला.

बायकोने ते गुपित फोनवरून बहिणीला पोचवलं. दुपारी नाना एसटीने हजर! मातीच्या ढिगाऱ्यासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले ते बसलेच. जेसीबीवाल्याने मशीन बंद करून चहा मागवला. मी तावातावाने जाब विचारला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, भिंत एकली उभी ऱ्हास नही. काळी माती ओली व्हयनी का ढकलस. वरथून स्लॅबनी धरनं पडस तिले."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तुम्हाला काय कळणार? तुम्हाला कुठे मुलगी आहे?"

नाना खुर्चीवरून उठलेही नाहीत.

मांडव मागच्या परसात गेला आणि तिथे जायला चरावर फळ्या टाकल्या. हळदीला आणि लग्नालाही नाना त्या फळ्यांपाशी उभे होते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देत. पाठवणीच्या वेळी त्यांनी आधी फळी ठोकून पाहिली आणि मग मुलीला हाताला धरून पलीकडे नेलं. तिथे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअर हमसून हमसून रडला.

पुढे स्लॅब झाला, माती भरली, भिंतीला आजवर केसाएवढीही चीर नाही. माझी माफी मात्र राहून गेली.

गेल्या वर्षी अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, गेल्या. परवा मी धुळ्याला जाऊन म्हटलं, सामान भरा आणि जळगावला चला, भिंत एकटी उभी राहत नाही हे तुम्हीच सांगितलंत.

"आपली पोर बी काल फोनवर हाईच बोलनी," ते म्हणाले.

आणि पिशवी शोधायला आत गेले. जाता जाता सवयीने भिंतीवर टकटक केली.