पुलापाशी थांबलेला टँकर

माझा भाऊ टँकरखाली चिरडून मेला नाही.
तो टँकर त्याचाच होता. तोच चालवत होता.

आज वर्ष झालं, तरी हे मला लोकांना समजावून सांगावं लागतं. परवा चौक गावातल्या मेडिकलमध्ये ओळखीचे एक काका म्हणाले, "टँकरनं ज्याला उडवलं, तो तुझाच भाऊ ना गं?"
मी औषध न घेताच बाहेर आले.

म्हणून एकदाच सगळं लिहिते. शेवटपर्यंत वाचा, प्लीज.

मिलिंददादा. माझा मोठा भाऊ. रसायनीच्या कंपन्यांचा माल बावीस वर्षं टँकरने पोचवत होता.

घाटात मागे गाड्यांची रांग लागली की जागा बघून हा टँकर कडेला घ्यायचा आणि सगळ्यांना पुढे सोडायचा. शाळेची रिक्षा असो, सायकलवाला असो, आधी ते, मग हा.

एकदा मी त्याच्याबरोबर केबिनमध्ये होते. मैत्रिणीच्या लग्नाला कर्जतला उशीर होत होता. मी वैतागले.
"किती जणांना सोडतोस रं दादा? हॉर्न मार की. एवढी मोठी गाडी बघून आपोआप बाजूला होतील."
"म्हनून तर मारत नाय," तो म्हणाला. "भरलेली गाडी हाय. ब्रेक दाबला तरी लगेच थांबत नाय. आनि मानूस दचकून कुठं पन पळतो. त्यापरीस मीच आधी थांबतो ना."

त्या शनिवारी सकाळी मी मोहोपाड्याला ऑफिसमध्ये होते.
व्हॉट्सअॅपवर गावाच्या ग्रुपमध्ये फोटो आला. अरुंद पूल, फुटलेल्या काचेचा टँकर, समोर रस्त्यावर चादर टाकलेला माणूस.
खाली लिहिलं होतं, "मस्तवाल टँकरचालकाने पादचाऱ्याला चिरडले. चालक फरार."

मी नंबर प्लेट बघितली नाही.
मी लिहिलं, "ह्यांना भर चौकात फोडलं पाहिजे."

वीस मिनिटांनी वहिनीचा फोन आला.

मी नंतर ती ओळ डिलीट केली. पण तोपर्यंत सतरा जणांनी अंगठा दिला होता. त्यातले चार आमच्या घरी खांदा द्यायला आले.

पुलावर काय झालं, ते आम्हाला दादाच्या जलदान विधीच्या दिवशी कळलं. वरच्या वाडीतून एक म्हातारी आली. ठमाआजी. कुणी ओळखत नव्हतं तिला. दारातच उभी राहिली.
"टँकरवाल्याचं घर ह्येच काय?" तिने विचारलं.
मग तिथेच खाली बसून सांगायला लागली.

"मी पुलाच्या मधी व्हते. डोक्यावर लाकडाचा भारा. तुमचा मानूस पुलाच्या अलीकडंच थांबला. हातानं बोलला, ये आज्जे, दमानं ये."

दादाच्या मागे शहरातल्या गाड्या. शनिवार ना. कुणी फार्महाऊसला, कुणी कोंडाण्याची लेणी बघायला. सगळे हॉर्नवर हॉर्न. त्यातली एक मोठी पांढरी गाडी टँकरला ओव्हरटेक करून थेट पुलावर घुसली. समोरून विटांनी भरलेला टेंपो आला. दोघं नाकाला नाक लावून अडकले. आणि आजी भाऱ्यासकट कठड्याला चिकटून उभी.

दादा खाली उतरला. आधी तिचा भारा स्वतः उचलला, तिला हाताला धरून बाहेर आणलं, झाडाखाली बसवलं.
मग त्या गाडीवाल्याकडे गेला.
"साहेब, टेंपो भरलेला हाय, त्याला मागं जमनार नाय. तुमी जरा मागं घ्या. मी बघतो मागचं."
गाडीवाल्याने शिवी दिली. पण रिव्हर्स टाकला.
दादा मागे उभा राहून हाताने दाखवत होता. "येऊ द्या... येऊ द्या... बस. बस!"

ती गाडी थांबली नाही. रागात आली, जोरात आली. मागे त्याचाच टँकर उभा होता. दोन्हीच्या मध्ये दादा सापडला.

रस्ता मोकळा झाल्यावर टेंपो निघून गेला. पाठोपाठ ती गाडीही.

मागच्या गाड्यांना टँकरआड काही दिसलं नव्हतं. मग माणसं जमली. टँकरपुढे माणूस पडलाय आणि केबिन रिकामी. एवढंच त्यांनी बघितलं. दगड मारून काच फोडली. ड्रायव्हरला शोधायला दोघं-तिघं ओढ्यात उतरले.
ड्रायव्हर त्यांच्या पायाशी होता. तेव्हा जिवंत होता.

"मी वरडत व्हते, ह्योच डायवर हाय, ह्याला दवाखान्यात न्या," आजी म्हणाली. "माझं कोन ऐकनार बाय?"

दुसऱ्या दिवशी मी तिला पोलीस ठाण्यात नेलं. तिने जबाब दिला, अंगठा दिला. पुढच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात मागची लाइट फुटलेली ती गाडी सापडली. केस उभी राहिली. आता तारखा पडतायत. प्रत्येक तारखेला आजी दोन गाड्या बदलून येते. तो गाडीवाला एकदाही आमच्या नजरेला नजर देत नाही.

ज्याने ती पोस्ट टाकली होती, त्याला मी फोन केला. म्हटलं, खरं काय ते लिहा.
"मॅडम, जुनी झाली ती पोस्ट. आता कोण बघतंय?"

मी बघते. वहिनी बघते. तिच्या लेकीला वर्गात विचारतात, तुझ्या पप्पांनी माणूस मारला का?

राग कुणाकुणाचा करू? त्या गाडीवाल्याचा, दगड मारणाऱ्यांचा, की माझा?

आज सकाळी घरी बुद्धवंदना झाली. वहिनीने सगळ्यांना खीर वाढली. ठमाआजीने दादाच्या फोटोवरून हात फिरवला आणि मायेनं आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

मिलिंददादा, तू चांगला ड्रायव्हर होतास. चांगला माणूस होतास.
तुझ्या बहिणीची आदरांजली.
जय भीम, दादा.