शेवट फक्त त्याने पाहिला

पोस्टर आधी व्हॉट्सअॅपवर आलं. नाकाला नळी लावलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा, त्याच्या कपाळावर आईचा हात, आणि खाली पिवळ्या अक्षरांत ‘एका दुर्मीळ आजाराशी झुंजणाऱ्या कुटुंबाची कहाणी’. रविवारी दुपारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये, मध्यंतराला बटाटेवडे आणि चहा. इथे कॅनडात, रेजिनात, मराठी सिनेमा थिएटरला लागत नाही. मराठी मंडळातलं कोणीतरी ओळख काढून परवानगी मिळवतं, पडदा भाड्याने आणतं, आणि मग सिनेमा कसाही असो, सगळे जातात.

आईने फोन माझ्यासमोर धरला आणि परत घेतला. माझ्या भावाला मराठी वाचता येत नाही. त्याने तिच्या खांद्यावरून फक्त चित्र पाहिलं.

“इज दॅट सपोज्ड टु बी मी?”

“तुला कुठे नळी आहे?” आई म्हणाली.

“आय हॅड वन.”

तो तान्हा असताना होती. आई उठून ओट्याकडे गेली.

माझ्या भावाला साखर पचत नाही. गूळ, मध, फळं, अगदी कांदाही, यातलं काहीच नाही. पोटात गेलं तर उलट्या होतात, घाम फुटतो, आणि वेळेवर लक्ष दिलं नाही तर तो गुंगीत जातो. आजाराला लांबलचक नाव आहे. ते सांगितलं की लोक म्हणतात, “म्हणजे डायबेटिसच ना?” म्हणून आम्ही सांगायचं सोडून दिलं. दिसायला तो कुठल्याही अकरा वर्षांच्या मुलासारखा आहे, जरा बारीक.

मागच्या सप्टेंबरात आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला आलो आणि त्याची शाळा बदलली. जुन्या शाळेत कोणाच्या वाढदिवसाचे कपकेक आले की बाई त्याला लायब्ररीत पुस्तक परत करायला पाठवायच्या. परत करायला पुस्तक नसलं तरी. एका मुलीने स्वतःला त्याची रखवालदार नेमलं होतं. तो कोणाच्या डब्याजवळ गेला की ती ओरडायची, “ही कॅन डाय!” नव्या शाळेत ऑफिसला आणि वर्गशिक्षिकेला सगळं सांगितलेलं होतं, पण मुलांना नाही. ती त्याची अट होती. त्याच्या वर्गात आमच्या मंडळातली दोन मुलं होती, म्हणून मंडळातही कोणाला सांगायचं नव्हतं.

“मंडळ इज स्कूल, ताई,” तो मला म्हणाला होता. “इफ वन काकू नोज, एव्हरीबडी नोज.”

मला हे पटलं होतं. मी स्वतः कोणाला फार काही सांगत नाही. मराठीत बोलायचं असलं की वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघते, आणि तोवर विषय बदललेला असतो.

पण गणपतीच्या जेवणात आईने आमटीत गूळ आहे का, असं विचारलं होतं. मंडळाचं सगळं स्वयंपाकघर एका काकूंच्या ताब्यात असतं. त्या म्हणाल्या, “गूळ नाही म्हणजे काय, चवीपुरता असणारच. त्याशिवाय आमटी म्हणायची का तिला?” आईने भावासाठी वाढून घेत असलेलं ताट मागे ओढलं, आणि काकूंनी कारण विचारल्यावर तिथेच, पातेल्यांच्या मधोमध, सगळं सांगून टाकलं. नंतर, भाऊ गाडीत येऊन बसायच्या आधी, ती मला म्हणाली, “त्याला कळू देऊ नकोस.” मी कळू दिलं नाही. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माझं लक्ष काकूंच्या तोंडाकडे असायचं.

त्या रविवारी बाहेर उणे अठरा होतं. हॉलच्या दाराशी बुटांचा ढीग आणि खुर्च्यांवर जॅकेटं. बाबा कामासाठी कॅल्गरीला गेले होते. आई आल्या आल्या किचनमध्ये शिरली. वडे तळायला माणूस हवं होतं म्हणे. तिला तो सिनेमा बघायचाच नव्हता. भाऊ आणि मी मागून तिसऱ्या रांगेत बसलो. ती दोन मुलं पुढे होती. एकाने मागे वळून हात केला, यानेही केला.

सिनेमातल्या मुलाच्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि आजार रक्ताचा होता. नाकातून रक्त यायचं तेव्हा सतार वाजायची. डॉक्टर चष्मा काढून पुसायचे. भाऊ माझ्या कानात म्हणाला, “व्हाय डझ ही कीप क्लीनिंग हिज ग्लासेस?” मला हसू आलं, पण मी घड्याळ बघत होते. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. काकू दोनदा येऊन आमच्या रांगेकडे बघून गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा हसल्या होत्या.

मग त्या मुलाने आपली इच्छा सांगितली. त्याला बर्फ बघायचा होता, आभाळातून पडणारा. सगळा हॉल हळहळला.

“इकडे पाठवा म्हणावं,” मागून एक काका म्हणाले, “माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचाय.”

“अहो, आजारी आहे तो!”

“मग निम्माच करू दे.”

माझा भाऊ मोठ्याने हसला. पुढे बसलेली दोन्ही मुलं त्याच्याकडे वळून हसली. त्या क्षणी तो त्यांच्यातलाच एक होता.

मध्यंतराला मी आईला बघायला किचनमध्ये गेले. ती वडे काढत होती, आणि फ्रिजवर एका ताटात शाल, नारळ आणि पेढ्यांचा बॉक्स ठेवलेला होता. वर नॅपकिन झाकला होता, पण नारळाची शेंडी दिसत होती.

“हे कोणासाठी?”

काकूंनी मला कोपऱ्यात ओढलं. “कोणाला बोलले नाहीये हं मी. सरप्राइज आहे. सिनेमा संपला की तुझ्या भावाचा सत्कार. लोकांना कळू दे की असा लढवय्या आपल्यातच आहे. पेढा फक्त हातात द्यायचा, तोंडात नाही, ते मी लक्षात ठेवलंय.”

मी म्हणाले, “काकू, त्याला नाही आवडणार.”

“अगं, कौतुक कोणाला आवडत नाही? तुम्ही दोघं भावंडं फार लाजाळू बाई.” तेवढ्यात त्यांना कोणीतरी चहाच्या साखरेसाठी हाक मारली आणि त्या गेल्या.

मी आईकडे वळले. “तुला माहीत होतं?”

तिने झारा कढईवर आपटून तेल निथळवलं. “काल फोन आला होता त्यांचा. एवढं प्रेमाने करतायत, नाही कसं म्हणू?”

“त्याने एकच गोष्ट मागितली होती.”

“हो, त्याने मागितली.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “आणि मी? इतक्या वर्षांत मला कोणी येऊन म्हटलंय का, की बाई, तू कसं केलंस हे सगळं? एकदा कोणीतरी म्हणतंय तर म्हणू दे ना.”

दिवे मंद झाले आणि मी परत जागेवर गेले.

भावाला बाहेर काढायचं, एवढंच मला सुचत होतं. मी त्याच्या कानात सगळं सांगितलं, गणपतीच्या आमटीपासून. तो पडद्याकडेच बघत राहिला. सिनेमातल्या वडिलांनी गिरणी विकली होती आणि ते मुलाला घेऊन डोंगराकडे निघाले होते.

“चल, आपण गाडीत जाऊन बसू. डोकं दुखतंय म्हणून सांगते.”

“नो.”

“दिवे लागले की तुला स्टेजवर बोलावतील.”

“आय वॉन्ट टु सी इफ ही मेक्स इट.” मग तो माझ्याकडे वळला. अंधारात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. “तू जा. यू स्टॉप देम.”

तो आपण होऊन मराठी बोलतो ते फक्त असं, दोन-चार शब्द.

मी रांगेतून गुडघे ओलांडत बाहेर पडले आणि भिंतीच्या कडेने स्टेजपर्यंत गेले. काकू पडद्याच्या मागे उभ्या होत्या. एका हातात माइक, समोर टेबलावर ते ताट. पडदा मागून नुसता पांढरा दिसत होता, त्यावर उजेड कमी-जास्त होत होता, आणि स्पीकरवर नुसती सतार वाजत होती. हॉलमधून नाकं ओढल्याचे आवाज येत होते. काकूंचे स्वतःचे डोळे वाहत होते. मी वाक्य जुळवत राहिले: काकू, तुमच्या भावना समजतात, पण. काकू, एक विनंती आहे. एकही वाक्य तोंडातून बाहेर येईना. काय करावं ते न कळून मी ताटातला नारळ उचलला आणि हातात धरून उभी राहिले.

दिवे लागले. काकू पदराने डोळे पुसत पुढे झाल्या. मी त्यांच्या मागोमाग.

“मंडळी,” त्या म्हणाल्या, “हा सिनेमा होता. पण आपल्यातच एक जण असा आहे—”

“काकू, नको.”

मी हळूच म्हणाले होते. पण माइक आमच्या दोघींच्या मधे होता. ‘नको’ सगळ्या हॉलभर गेलं. शंभरेक चेहरे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या हातात नारळ होता. मागून तिसऱ्या रांगेत माझा भाऊ मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसला होता. पायांत बूट नसताना.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. मला वाटलं, आता या विचारणार, का नको?

“—एक जण असा आहे,” त्या म्हणाल्या, “म्हणजे अशी आहे, जी दुपारपासून किचनमध्ये वडे तळतेय. तुम्ही सगळ्यांनी हादडले, पण तिने सिनेमाचा एक सीनसुद्धा पाहिला नाही. या हो, बाहेर या. आणि हिला वाटतं आईचं कौतुक करू नये! बघा, आजकालच्या मुली!”

हॉल हसला. आई किचनच्या दारात आली, हात बेसनाने माखलेले. तिला काय झालं ते कळायला जरा वेळ लागला. काकूंनी तिला शाल पांघरली, माझ्या हातातून नारळ घेऊन तिच्या हातात दिला, आणि पेढा सरळ तिच्या तोंडात घातला. मग काकू तिच्या कानाशी लागून काहीतरी बोलल्या. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

“कसं केलंस गं बाई तू.”

आई स्टेजवरच रडायला लागली. लोकांना वाटलं वड्यांच्या कौतुकाने, आणि त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. ड्राइव्हवेवाले काका ओरडले, “वहिनी, पुढच्या वेळी भजीसुद्धा!”

घरी जाताना गाडी मी चालवत होते. आई शेजारी बसली होती, जॅकेटवरून शाल तशीच.

“काय झालं रे शेवटी?” तिने मागे वळून विचारलं. “पोचला का तो?”

“याह,” भाऊ म्हणाला. “ही सीज द स्नो.”

“बरा होतो?”

“देअर्स अ डॉक्टर देअर, लाइक, अ माउंटन डॉक्टर. ही इज फाइन. पण बर्फ इतका फेक होता, आई. थर्माकोल. इट वॉज स्टिकिंग टु हिज स्वेटर.”

आई हसली. “थर्माकोलच असणार,” ती म्हणाली. घर येईपर्यंत ती अधूनमधून हसत होती.

एप्रिलमध्ये, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून वितळायला लागला तेव्हा, काकू एका दुपारी स्टीलचा डबा घेऊन घरी आल्या. आत आमटी होती.

“गूळ नाही घातला, शप्पथ. फोडणीत कांदासुद्धा नाही, तुझ्या आईला विचारून केलीये. चव काही लागत नाही मेलीला, पण खाऊन बघ.”

भावाने भात घेतला आणि आमटी ओतून कालवला. काकू समोर बसून त्याच्या प्रत्येक घासाकडे बघत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून त्या आईकडे वळल्या.

“बरं झालं तुम्ही तो सिनेमा नाही पाहिलात. मी तर दोन दिवस जेवले नाही. बर्फ दिसलाच नाही हो त्या लेकराला. घाटातच, गाडीत, बापाच्या मांडीवर—”

“पण हा तर म्हणाला,” आईने सुरुवात केली आणि थांबली.

“काय म्हणाला?”

“काही नाही. चहा टाकू?”

भाऊ खाली बघून जेवत होता. “काकू, कॅन आय हॅव मोअर?” त्याने वाटी पुढे केली. काकूंना इतका आनंद झाला की पळीतली आमटी टेबलावर सांडली.

त्या गेल्यावर मी त्याला गाठलं. “थर्माकोल कुठून आणलंस?”

त्याने खांदे उडवले. “शी वॉज वेअरिंग द शॉल,” तो म्हणाला, आणि बॅकपॅक उचलून आपल्या खोलीत गेला.

मला आधी त्याचं कौतुक वाटलं. संध्याकाळपर्यंत ते ओसरलं. मला आठवायला लागलं, तो आम्हाला रोज काय काय सांगतो. पोट दुखत नाही. उलटी झाली नाही. आज वर्गात वाढदिवस होता, पण कोणी काही विचारलं नाही. हे सगळं आम्ही ऐकतो आणि आपापल्या कामाला लागतो. शाळेतल्या मुलांपैकी कोणालाच माहीत नाही, म्हणजे डब्याच्या वेळी त्याच्याकडे कोणाचं लक्षही नाही. ती अट मीच राखली होती, शंभर माणसांसमोर नारळ हातात धरून.

दुसऱ्या दिवशी तो शाळेतून आला तेव्हा मी दारातच होते.

“डबा खाल्लास?”

“याह.”

“सगळा?”

त्याने बूट काढता काढता माझ्याकडे पाहिलं. “भात थोडा थंड होता,” तो म्हणाला. “बट द पोटॅटोज वेअर गुड. द क्रिस्पी वन्स.”

मी त्याच्या हातातून डबा घेतला. तो हलका होता, पण थर्माकोलही त्याने असंच बारकाईने सांगितलं होतं. झाकण न उघडता मी तो सिंकमध्ये ठेवला, आणि मग उघडला.