तातय कोणाच्या फौजेत होते?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही शारजात, रोला चौकाच्या मागच्या एका इमारतीत राहायचो. मी खालच्याच रस्त्यावरच्या पॉलिक्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन होते. माझ्याबरोबर एक फिलिपिनो नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीही. रक्त काढताना तिच्या हाताला पेशंट कधी दचकायचा नाही. स्वतःच्या घरच्या गोष्टी ती फारशी बोलायची नाही.

त्या हिवाळ्यात माझे सासरे गावाहून आले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सातारा जिल्ह्यातलं गाव, पलटणीतली नोकरी, महायुद्धात बर्मापर्यंत जाऊन आलेले. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नव्हता. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. आबा दिवसभर बाल्कनीत उभे राहून गाड्या बघायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, "हितं माणसं चालत का न्हाईत गं?"

त्याच सुमारास सिस्टरचे वडील व्हिजिट व्हिसावर आले. तिची स्वतःची जागा म्हणजे चार बायकांच्या खोलीतला एक पलंग, त्यामुळे वडिलांना तिने शेजारच्या अजमानला चुलतभावाकडे ठेवलं होतं. भाऊ दिवसभर कामावर. ती लॅबमध्ये येऊन संकोचत म्हणाली, "तातय तिकडे एकटे बसतात. तुझ्या घरी सकाळी बसले तर चालेल? तुझे सासरे आहेतच ना." तातय म्हणजे वडील. मी हो म्हणाले, पण मनात विचार आला, हे दोघं बोलणार कोणत्या भाषेत?

तातय बारीक अंगाचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. शाळेत अमेरिकन मास्तर होते, म्हणाले. आबांचं इंग्रजी फौजेतलं, 'हॉल्ट' आणि 'क्विक मार्च'च्या पुढे न जाणारं. दोघांना चहा देऊन मी क्लिनिकला गेले. एक वाजता आले, तर दोघं जमिनीवर बसलेले, मध्ये डाळीच्या डब्यांची आणि वाट्यांची मांडामांड.

"ह्यो समुद्र," आबा सतरंजीकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् ह्यो डोंगर. हितं ह्येंना जपान्यांनी कोंडलं. खायाला न्हाई, औषध न्हाई. वरच्या सायबानं शरण जायाला सांगितलं. मग लई लांब चालवत नेलं. पाण्यासाठी थांबला की मारायचे."

"तुम्हाला कसं कळलं आबा?"

"अगं, दाखवलं की त्यांनी."

मी तातयना इंग्रजीत विचारलं. ते म्हणाले, "अगदी बरोबर. फक्त तो डबा डोंगर नाही, जहाज आहे."

मग रोजच तातय येऊ लागले. आबांनी बाल्कनीत उभं राहणं सोडलं. दोघंही जपान्यांशी लढलेले, हे एवढंच त्यांना पुरेसं होतं. तातय आबांना 'सार्जंट' म्हणायचे, आबा त्यांना 'सायेब'.

एका शुक्रवारी मी सिस्टरला आणि तातयना जेवायला बोलावलं. मटण, भाकरी, आणि त्यांच्यासाठी भरपूर भात. जेवता जेवता आबांनी सहज विचारलं, "सायेबांना पेन्शन किती हाय, इचार."

मी विचारलं. सिस्टरचा हात ताटात थांबला. तातय हसले आणि म्हणाले, "मी सैनिक नव्हतो ना."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा देश तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. लढाई पेटायच्या आधी अमेरिकेच्या अध्यक्षाने हुकूम काढून तिथल्या फौजेला आपल्या फौजेत घेतलं. वर झेंडा अमेरिकेचा, साहेब अमेरिकन, शपथही तीच. लढाई संपली, त्यांचा देश स्वतंत्र होणार असं ठरलं आणि अमेरिकेच्या संसदेने कायदा केला: या लोकांची नोकरी आमच्या फौजेतली नोकरी म्हणून धरायची नाही. जखमींना आणि मेलेल्यांच्या बायकांना थोडंफार द्यायचं, तेही आपल्या माणसाच्या निम्म्यानं.

मी हे आबांना मराठीत सांगत होते आणि सांगता सांगताच अडखळत होते.

"थांब, थांब," आबा म्हणाले. "हुकूम कुणाचा?"

"अमेरिकेचा."

"मंग नाकारलं कुणी?"

"अमेरिकेनंच."

"तू नीट इचारलंस का? इंग्रजी हाय त्यांचं, काहीतरी येगळं म्हनत आसतील. आन् निम्मं म्हंजे? आर्धा शिपाई कसा आसतो? अर्ध्याला गोळी लागती व्हय?"

आबांचा आवाज चढला होता. तातयना वाटलं, आबा आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, मी खोटं बोलत नाही."

"ते तुमच्यावर नाही रागावले," मी म्हणाले. पण आबा खरंच कोणावर रागावले होते, ते मला नक्की सांगता आलं नसतं. लढाईनंतर त्यांनाही पेन्शनशिवायच घरी पाठवलं होतं. पण गावात सगळे त्यांना हवालदार म्हणायचे, आणि झेंडावंदनाला शाळेत त्यांची खुर्ची पुढच्या रांगेत असायची. तू फौजेत नव्हतासच, असं त्यांना कोणी कधी म्हटलं नव्हतं.

सिस्टर हळूच म्हणाली, "आता आणखी एक गंमत ऐक. तातय इथे का आलेत माहीत आहे? मला विचारायला." अमेरिकेने इतक्या वर्षांनी नवा कायदा केला होता. लढाईत होते त्या म्हाताऱ्यांना नागरिकत्व देणार होते. तिचे भाऊ घरी म्हणत होते, तातयनी जावं, म्हणजे पुढे मुलांनाही नेता येईल. आई नको म्हणत होती. पेन्शनचं काहीच नव्हतं.

"म्हणजे लढाईत होते म्हणून नागरिक करणार," मी विचारलं, "आणि तरी सैनिक म्हणणार नाहीत?"

"हो."

"असं कसं?"

"मला काय विचारतेस?" ती म्हणाली. "मी नर्स आहे."

माझा नवरा गॅस कंपनीत सेफ्टी ऑफिसर. कुठल्याही गोष्टीचं कारण असतंच, असं मानणारा माणूस. तो आतून येऊन दोन-तीन प्रश्न विचारून परत आत गेला. तातय माझ्याकडे वळले. "तू शिकलेली आहेस. मी जावं का?"

जा म्हणावं, तर या वयात, परक्या थंडीत, एकट्याने, आणि ज्यांनी नाकारलं त्यांच्याच दारात. नको म्हणावं, तर त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं की त्यांना जायचंय. मी आबांनाच विचारलं, तुम्ही काय केलं असतं?

आबांनी बोटं चाटून घेतली. मग म्हणाले, "गेलो आसतो. त्येंच्या म्होरं हुबं ऱ्हायलो आसतो. बगू दे की त्येंना माज्याकडं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. तातयनी मान हलवली. सिस्टरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला कळेना, तिला हायसं वाटलं की तिचा संताप झाला.

तातय गेले. आधी घरी, मग अमेरिकेला. शपथ घेतल्याचा फोटो सिस्टरने लॅबमध्ये आणून दाखवला. कोट मोठा होत होता, हातात छोटा झेंडा. आबा तोवर गावी परतले होते. मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आता तरी मानलं का शिपाई?" मी नाही म्हणाले, तर त्यांनी फोन नवऱ्याला द्यायला सांगितला. बायका नीट चौकशी करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

पुढची काही वर्षं तातय तिकडे एका जुन्या हॉटेलातल्या खोलीत, त्यांच्यासारख्याच दुसऱ्या दोन म्हाताऱ्यांबरोबर राहिले. गरीब वृद्धांना मिळते ती मदत त्यांना मिळायची, आणि घरी परतलं तर तीही बंद. त्यातूनच ते बायकोला पैसे पाठवायचे. पेन्शन मागणाऱ्या मोर्च्यांना जायचे, जुनी टोपी घालून. मुलांना नेण्याचा नंबर काही लागला नाही. सिस्टर फोन कार्ड विकत आणायची आणि जेवणाच्या सुट्टीत बोलायची. ठेवल्यावर म्हणायची, "तातय म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी काय, ते मी विचारणं सोडून दिलं होतं.

आम्ही शारजातल्याच अल नहदा भागात राहायला गेलो तोवर नवं शतक लागलं होतं. तिकडचा मदतीचा नियम थोडा सैल झाला, घरी परतलं तरी थोडी रक्कम मिळेल असं ठरलं. तातयनी सामान बांधायला घेतलं आणि ते न्यूमोनियाने गेले.

सिस्टर दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आली, कारण घरी बसून करणार काय? सँपलच्या ट्यूबवर लेबलं लावता लावता म्हणाली, "तिकडून फोन आला होता. आता त्यांना सैनिकांच्या दफनभूमीत जागा मिळू शकते. तोही नियम बदललाय. पेटीवर झेंडा घालतात. बिगुल वाजवतात."

"म्हणजे आता मानलं?"

"मेल्यावर." ती थांबली. "की तेही नुसतं पुरण्यापुरतं? मला खरंच समजत नाही. मी खूश व्हायचं का?"

मी तिच्या हातातून ट्यूब घेतल्या, कारण लेबलं वाकडी जात होती. तिच्या आईने फोनवर निर्णय दिला: माणूस घरी आणा. भावांना तो बिगुल हवा होता. दोन दिवस फोनवर भांडणं झाली. शेवटी आईचं ऐकलं. तातय त्यांच्या गावच्या चर्चमागे आहेत. सिस्टर गेली होती, आठ दिवसांनी परत आली, सुकलेल्या आंब्यांचं पाकीट घेऊन.

आबांना मी त्या उन्हाळ्यात गावी जाऊन समक्ष सांगितलं. नीट, सावकाश, सगळे नियम एकामागून एक. त्यांना ऐकू कमी येत होतं. दोनदा त्यांनी मला मागं नेलं, इथून परत सांग म्हणून. संपल्यावर म्हणाले, "म्हंजे सायेब फौजेत हुते का न्हवते?"

"होते, आबा."

"मंग येवढं सगळं काय सांगतियास?" ते म्हणाले, आणि उठून गुरांना पाणी दाखवायला गेले.