डावऱ्याचं कुलूप

तळेगाव ढमढेरे ते शिरूर जीप चालवणारा तो डावरा माणूस रोज एकच बढाई मारायचा. "आमच्या धान्याच्या कोठीचं, आज्यानं केलेलं कुलूप फकस्त डावऱ्यालाच उघडतं."

मागच्या सीटवरचे आप्पा विचारायचे, "मंग उजव्यांनी उपाशी मरायचं व्हय?" सगळी जीप हसायची. मी पुस्तकात मान घालून बसत असे.

वडील गेले आणि भिंतीतलं त्यांचं जुनं कपाट बंदच राहिलं. किल्ली होती, पण आमच्यापैकी कोणालाच फिरवता येईना. भावानं कुलूप फोडायला हातोडा आणला, तेव्हा मला तो जीपवाला आठवला आणि मी त्याला घरी बोलावलं.

त्यानं कुलपाची उजवीकडची चकती उजव्या अंगठ्यानं दाबली आणि डाव्या हातानं किल्ली फिरवली. कपाट उघडलं. चकतीमागं चिमुकला पंजा कोरलेला होता.

"आज्याची खूण ही. आमच्या कोठीच्या कुलपावरबी हाय." मग हळूच म्हणाला, "तुमचे वडील डावरे व्हते का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग त्यांच्यासाठीच घडवलंय, सर."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी तोच प्रश्न विचारला. त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तक मिटलं आणि सगळ्या जीपला ऐकू जाईल असं म्हणालो, "होय आप्पा, उजव्यांनी उपाशीच मरायचं. मी डोळ्यांनी पाहिलंय."