पुरवणीची गाठ

मैत्रिणींनो, सकाळपासून नुसती चिडचिड होते आहे, म्हणून लिहायला बसले.

शेजारची कमल लेकीला घेऊन तिचा प्रवेश अर्ज भरून घ्यायला आली होती. सुनीता यंदा बारावी झाली. तिला मी शिकले त्याच विद्यापीठात पाठव म्हणून वर्षभर मीच कमलच्या मागे लागले होते.

कमलने अर्ज टेबलावर ठेवला, पण मला पेन उचलू देईना.

"ताई, तुमच्या विद्यापीठात उत्तरपत्रिकेतली पानंच बदलून राह्यले म्हणे. टीव्हीवर दाखवलं काल. तुमी तर सांगत होत्या, तिथं कोनाची वट चालत नाही. मंग पोरीले कायले धाडू?"

परीक्षेत पुरवणी जोडताना मी पांढऱ्या दोऱ्याला दुहेरी गाठ मारायचे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवली होती. एक पान सुटू नये, एवढीच तेव्हा काळजी. विद्यापीठातली माणसेच ती गाठ सोडतील, हे कधी मनातही आले नाही. तिथली लायब्ररी अजून माझ्या स्वप्नात येते, आणि आज मला विद्यापीठाची बाजू घेता आली नाही.

सुनीता हळूच म्हणाली, "मावशी, अभ्यास मी करीन. पन माहं पान माहंच राहीन, हे कोन सांगते?"

मुदत शुक्रवारपर्यंत आहे. अर्ज कोराच टेबलावर पडला आहे.

कुलगुरूंना पत्र लिहिते आहे. तिथे शिकलेल्यांनो, माझ्या नावाखाली तुमचे नाव घालू का? आणि शुक्रवारी मी सुनीताला काय सांगू?