राजूरच्या विहिरीत पाच पुरुष खाली

अक्काचा निरोप आला, "विहिरीत तांबडी माती लागली. आता पाणी लागत न्हाई म्हणून दाजी काम बंद करायचं म्हणतेत. तू ये." अक्का माझी थोरली बहीण, राजूरजवळ तिच्या घरची शेती. मी जुन्या जालन्यातला भूगोलाचा मास्तर. विहिरीतलं मला काय कळणार? तरी निघालो.

जालन्याहून राजूर म्हणजे बैलगाडीनं पुरा एक दिवस. भाडं निजामाच्या हाली सिक्क्याचा दीड रुपया. उन्हाळ्यात जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा आणि दशम्या सोबत घ्या. वाटेत सावली कमी, दगड फार. संध्याकाळी गणपतीचं दर्शन घेऊन अक्काच्या दारी उतरलो तेव्हा पाठीचा एकेक मणका मोजता येत होता.

सकाळी विहीर खोदणाऱ्या म्हाताऱ्या गंगारामनं मला दोराच्या पाळण्यात बसवून पाच पुरुष, म्हणजे तीसेक फूट, खाली सोडलं. वर काळा, भरीव खडक. त्याखाली विटेसारखी भाजलेली तांबडी माती. मी तिच्यावर फतकल मारून बसलो, हात फिरवत राहिलो.

दुपारी जेवताना दाजींना सांगितलं, "ही एके काळची जमीन आहे. पृथ्वीच्या पोटातून तापलेला रस आला, निवून खडक झाला. त्यावर उन्हापावसानं माती धरली. मंग पुन्हा रस आला अन् ती माती भाजून निघाली."

"आता समदं थंड झालं म्हणा. मेली का धरती?"

"न्हाई दाजी. चंद्र लहान, तो जल्दी निवला. पृथ्वी मोठी, आतली उष्णता बाहेर पडायला फार काळ लागतो. शिवाय आतल्या काही खनिजांतून नवी ऊब निघतच राहते. म्हणून अजून कुठं भूकंप होतो, कुठं डोंगर आग ओकतो."

अक्का वाढता वाढता म्हणाली, "ताटातलं पिठलं निवतं, कढईतलं गरम राहतं. तसंच ना?"

"बिलकुल तसंच."

"ते ठीक," दाजी म्हणाले. "पाणी लागंल का?"

"मातीखाली आधीच्या खडकाचा माथा असणार. ठिसूळ, भोकाभोकाचा. तिथं पाणी थांबतं. पण लागेलच, हे मी कसं सांगू?"

ओसरीवरून गंगाराम बोलला, "मला चंद्राचं कळत न्हाई. पण तांबड्याखाली दोनदा पाणी लागल्तं मला. एकदा कोरडं गेल्तं."

दाजींनी अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "खोदा."

तीन दिवस नुसता तांबडा चुरा वर येत राहिला. दाजी माझ्याशी धड बोलेनात. भाकरीवर तूप मात्र स्वतः वाढत. चौथ्या दिवशी गंगाराम खालून ओरडला, "ओल!" दिवस कलेपर्यंत घोटाभर गढूळ पाणी साचलं. दाजी खाली उतरले आणि त्यात उभे राहिले, बराच वेळ.

'पृथ्वी हळूहळू निवत गेली' हे वाक्य मी वर्गात एका दमात सांगून पुढं जायचो. आता तिथं थांबतो.

घरी परतल्यावर बायको धोतर चोळत होती. "हा तांबडा डाग निघून न्हाई राह्यला. बसल्ता कुठं तुम्ही?"

"एका फार जुन्या जमिनीवर. तिच्यावर शेवटचा पाऊस पडला तेव्हा माणूस जन्मलाही नव्हता."

तिनं धोतर पुन्हा पाण्यात बुडवलं. "आता तिथं अक्का घागर भरती," म्हणाली.